एचओ मापाच्या अल्को इंजिनाला डब्ल्यूडीएम-२ चे रूप द्यायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

लोंढा_लाइन (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यात राहतो. माझ्याकडे एचओ मापाचे, म्हणजे १:८७ प्रमाणातील, अ‍ॅटलास कंपनीचे आरएसडी-१२ हे अमेरिकन डिझेल इंजिन आहे. अमेरिकेतून सुट्टीवर आलेल्या मेहुण्यांनी ते आणून दिले. जुने आहे, पण उत्तम चालते. बॉडीवर कोणत्याही रेल्वेचा रंग किंवा अक्षरे नाहीत. हे इंजिन मूळचे अल्को या अमेरिकन कंपनीच्या घराण्यातले, सहा आसांचे आणि उंच शॉर्ट हूडचे (हूड म्हणजे कॅबबाहेरचे यंत्रांवरचे झाकण) असल्यामुळे त्याचा तोंडावळा आपल्या भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाशी बराच जुळतो. म्हणून गेज (रुळांमधले अंतर) बदलल्यानंतरच्या काळात, साधारण नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, मिरज-लोंढा मार्गावर शोभले असते असे डब्ल्यूडीएम-२ त्यातून घडवावे, असा विचार आहे.

सोबत मिळालेल्या पाकिटात अमेरिकन पद्धतीचे भोंगे, होसपाइप आणि कपलर (गाड्या जोडणारी कडी) उघडण्याच्या दांड्या असे सुटे भाग आहेत. त्यांतले कोणते वापरावेत आणि कोणते बाजूला ठेवावेत, हे कळत नाही. बफर (टोकाला धक्का झेलणाऱ्या तबकड्या), जाळीचा गुराखी-लोखंड (काउकॅचर, म्हणजे रुळावरचे अडथळे बाजूला सारणारी पुढची जाळी) आणि हँडरेल हे भाग इकडे कोठे आणि कसे मिळवावेत? कापाकापीला हात घालण्यापूर्वी जाणकारांचे मत मिळावे, ही विनंती.

दुसरे_गेट_टिळकवाडी

नमस्कार. आपली निवड चांगली आहे. मात्र बॉडीला करवत लावण्याआधी मोजमाप कागदावर मांडून घ्यावे. डब्ल्यूडीएम-२ ची लांबी १७.१२ मीटर असते, म्हणजे आपल्या मापात ती १९७ मिलिमीटरच्या आसपास येते. आरएसडी-१२ खऱ्या रुळांवर सुमारे १७.७ मीटर लांब होते, त्यामुळे मॉडेलमध्ये सहा-सात मिलिमीटरची वाढ राहते. तो फरक भरून काढण्यासाठी हूड मधोमध कापून पुन्हा जोडणारे हौशी लोक आहेत. माझ्या मते ते श्रम वाया जातात, कारण सांध्यावरची दारे आणि झडपा पुन्हा जुळवताना बॉडीची रेघ बिघडते, आणि लांबीतला फरक डोळ्यांना कळत नसला तरी बिघडलेली रेघ लगेच खुपते. चाकांचेही तसेच आहे. आपल्याकडील चाक १०९२ मिलिमीटर व्यासाचे, तर त्यांचे ४० इंची; मॉडेलमध्ये हा फरक एका मिलिमीटरच्याही आत बसतो. तो सोडून द्यावा.

रुळांच्या रुंदीची गोष्ट मात्र मनाशी आधीच मान्य करून ठेवावी. एचओचा १६.५ मिलिमीटरचा रूळ १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजचा असतो. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा असल्याने त्याला १९.२६ मिलिमीटर हवेत. समोरून पाहिल्यावर चाके आत ओढल्यासारखी दिसणारच, पण बाजूने पाहिल्यावर बोगीच्या, म्हणजे तीन आसांच्या चाकगाड्याच्या, चौकटी ते झाकतात. आरएसडी-१२ च्या बोगीत तीन आसांमधली अंतरे असमान आहेत आणि डब्ल्यूडीएम-२ च्या बोगीतही ती तशीच असमान आहेत, ही आपल्या पदरात आयती पडलेली मोठी गोष्ट आहे. म्हणून बोगींना अजिबात हात लावू नये.

आता मुख्य मुद्दा. "नव्वदच्या दशकाची अखेर" एवढ्याने भागणार नाही. एक विशिष्ट इंजिन, एक विशिष्ट शेड (इंजिनांची देखभाल होते ती जागा) आणि शक्यतो एकच वर्ष ठरवावे आणि त्या इंजिनाचे दोन्ही बाजूंचे व दोन्ही टोकांचे फोटो समोर लावावेत. कारण १९६२ पासून आलेल्या आणि १९६४ पासून वाराणसीत बनू लागलेल्या या इंजिनांत शेडागणिक रंग वेगळे आहेत आणि वर्षागणिक बदल झालेले आहेत. शॉर्ट हूड वेगळे असलेली "जंबो" आपल्याला नको, हेही फोटोच सांगेल. आपण निवडलेल्या काळात हुबळी विभाग दक्षिण मध्य रेल्वेत होता. दक्षिण पश्चिम रेल्वे २००३ मध्ये सुरू झाली. तेव्हा गुत्तीच्या शेडचे इंजिन घेतल्यास त्यावर "द.म.रे." हवे आणि पुण्याचे घेतल्यास "म.रे." (मध्य रेल्वे) हवे; "द.प.रे." लिहिल्यास काळ चुकला. स्थानकाची पाटी बाजूला उभी करणार असाल तर तीही तपासावी, कारण बेळगाव आणि हुबळी यांची इंग्रजी पाट्यांवरची अक्षरे १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलली. त्या विषयावर इथे वाद नको. पाटी कोणत्या वर्षाची, एवढेच आपण पाहू.

सुरुवात हेडस्टॉकपासून, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या आडव्या तुळईपासून, करावी. आपल्या लोकांची नजर इंजिनाच्या तोंडावर आधी जाते, आणि अमेरिकन इंजिन परके वाटते ते बहुतांशी तिथे बफर नसल्यामुळे. ब्रॉडगेजच्या दोन बफरांमधले अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ६ फूट ५ इंच असते, म्हणजे मॉडेलमध्ये साडेबावीस मिलिमीटर. रिकाम्या गाडीच्या बफरची उंची रुळापासून जास्तीत जास्त ११०५ मिलिमीटर असते, म्हणजे १२.७ मिलिमीटर, आपण साडेबारा धरले तरी चालेल. या दोन आकड्यांत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी इंजिन फेंगडे दिसते, म्हणून पितळी पत्र्याच्या तुकड्यावर छिद्रे आखून त्याचे साचेवजा माप करून ठेवावे आणि दोन्ही टोकांना तेच माप लावावे.

मग होसपाइप. पाकिटातले अमेरिकन एअरहोस वापरता येतील, पण मांडणी आपली हवी. दुहेरी ब्रेकच्या इंजिनाला व्हॅक्युमचा जाड पाइप असतो आणि हवेच्या ब्रेकचे बीपी (ब्रेक पाइप) व एफपी (फीड पाइप) असे दोन. बीपीच्या तोंडाला हिरवा रंग असतो आणि एफपीच्या तोंडाला पांढरा. सुईच्या टोकाने दिलेले हे दोन ठिपके पाहणाऱ्याला रेल्वेची खूण पटवतात. अमेरिकन भोंग्यांचा पाच तोंडांचा गुच्छ मात्र पाकिटातच राहू द्यावा.

घटप्रभा_८७

मला थोडे वेगळे सांगायचे आहे. आरएसडी-१२ हे स्वतःच्या अंगाने चांगले इंजिन आहे. १९५६ ते १९६३ या काळात बनलेले, १८०० अश्वशक्तीचे, अल्कोच्या २५१ मालिकेतील बारा सिलिंडरचे. डब्ल्यूडीएम-२ मध्ये त्याच मालिकेचे सोळा सिलिंडरचे २६०० अश्वशक्तीचे इंजिन आहे. म्हणजे ही दोघे चुलत भावंडेच; पण चुलत भावाला धोतर नेसवून थोरला म्हणून उभे करण्यात मला गंमत वाटत नाही. कॅबचे छप्पर, खिडक्या, हूडच्या टोकांच्या खाचा आणि रेडिएटरकडची बाजू इतक्या ठिकाणी फरक आहे की शेवटी ना ते इकडचे होते ना तिकडचे.

त्याऐवजी बॉडी आहे तशी ठेवावी आणि पेनसिल्व्हेनिया किंवा सदर्न पॅसिफिक यांपैकी एखाद्या रेल्वेचे इंजिन म्हणून ती सजवावी. पाकिटातले सगळे भाग कामी येतील. तिथेही काळ सांभाळावाच लागतो. आजच्या अमेरिकन इंजिनांवर खाली दोन बाजूंना दिसणारे डिचलाइट नव्वदच्या दशकात सक्तीचे झाले, म्हणून साठच्या दशकातल्या इंजिनावर ते बसवू नयेत. डब्ल्यूडीएम-२ च हवे असेल तर थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये बॉडी छापून घ्यावी आणि ती याच चेसिसवर चढवावी. मूळ बॉडी डब्यात सुरक्षित राहील.

दुसरे_गेट_टिळकवाडी

घटप्रभाकरांची शेवटची सूचना मला मान्य आहे. छापलेल्या बॉडीवर थरांच्या बारीक रेघा राहतात आणि त्या घासताना रिव्हेट व बिजागऱ्याही घासल्या जातात, तरीही कॅब आणि हूडची ठेवण मुळात बरोबर मिळत असेल तर तो व्यवहार फायद्याचाच आहे. पण हेडस्टॉक, बफर, हँडरेल आणि रंगकाम यांतून सुटका नाही. बॉडी कोणतीही घेतली तरी ते करावेच लागेल.

उद्यमबाग_लेथ

बफर आणि हँडरेलबद्दल लिहितो, कारण रोजचे काम लेथवरचे आहे.

बफर बाहेरून मागवण्याची गरज नाही. पितळी सळईतून बफरची नळी आणि तबकडी वेगवेगळी काढावीत. नळीचे भोक तबकडीच्या दांड्यापेक्षा किंचित मोठे ठेवले आणि आत बारीक स्प्रिंग घातली, तर बफर खरोखर दबतो. उद्यमबागेत लहान लेथ असलेली वर्कशॉप पुष्कळ आहेत. चार नगांसाठी कोणी यंत्र थांबवणार नाही, हे खरे. पण दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत नकाशा घेऊन गेल्यास आणि सगळी मापे मिलिमीटरमध्ये लिहून दिल्यास काम होते. "रेल्वेचे खेळणे" म्हणून सांगू नका, "पितळी पिन" म्हणा.

हँडरेलसाठी मूळ प्लास्टिकच्या दांड्या काढून टाकाव्यात. त्यांचे प्लास्टिक निसरडे असते, त्यावर रंग धरत नाही, आणि जाडीही जास्त असते. खरी हँडरेल सव्वा इंचाच्या आसपास धरली तर आपल्याला ०.३५ ते ०.४ मिलिमीटरची तार लागेल. शहापूर भागात सोनारकामाच्या हत्यारांची दुकाने आहेत. तिथे या जाडीची पितळी तार, बारीक ड्रिल आणि हाताने फिरवायचा पिनव्हाइस हे तिन्ही मिळते. मॉडेलवाल्या दुकानांतून हेच सामान दुप्पट-तिप्पट भावाने येते.

वेटोळ्यातून काढलेली तार सरळ नसते. तिचे एक टोक शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडावे, दुसरे पकडीत धरावे आणि तार किंचित लांबल्याची जाणीव हाताला होईपर्यंत एकदाच सावकाश ताणावी. तार सोडल्यावर ती दोरीसारखी सरळ राहते आणि थोडी ताठही होते. वाकवण्यासाठी सागाच्या फळीच्या तुकड्यावर खांबांच्या अंतराने खिळे ठोकून घ्यावेत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या हँडरेल एकसारख्या येतात. खांब आणि आडवी तार यांना डाग देताना (सोल्डर करताना) खांबाचे बूड ओल्या कापसात गुंडाळावे. नाहीतर उष्णता खाली उतरून आधीचा सांधा सुटतो. डाग देण्याचे सगळे काम बॉडीपासून लांब, फळीवरच उरकावे आणि तयार हँडरेल मग छिद्रांत बसवावी.

छिद्रे पाडताना आधी सुईने खूण करावी. सुईची खूण नसेल तर ड्रिल घसरते आणि हूडवर ओरखडा उमटतो. पिनव्हाइसवर जोर देऊ नये. अर्धा मिलिमीटरखालचे ड्रिल जोराने नव्हे तर वाकड्या हाताने मोडते.

गुराखी-लोखंडासाठी ०.३ मिलिमीटरचा पितळी पत्रा कापून पट्ट्या जोडाव्यात. पण तो रुळापासून एक मिलिमीटर तरी वर राहू द्यावा, नाहीतर सांध्यावर किंवा क्रॉसिंगवर अडकतो.

निपाणी_डीसीसी

विजेचे थोडक्यात सांगतो. डीकोडर (डीसीसी या डिजिटल पद्धतीने इंजिन चालवणारे छोटे सर्किट) बसवायचा असल्यास मोटारीचे दोन्ही ब्रश चेसिसपासून पूर्ण वेगळे आहेत का, हे मल्टिमीटरवर तपासल्याशिवाय एकही तार जोडू नये. जुन्या चेसिसमध्ये एक ब्रश थेट सांगाड्याला लागलेला असू शकतो आणि तसे असल्यास डीकोडर पहिल्याच क्षणी जळतो. तारांचे रंग ठरलेले आहेत: लाल उजव्या रुळाला, काळी डाव्या रुळाला, नारिंगी आणि करडी मोटारीला, निळी सर्व दिव्यांना सामाईक, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या दिव्याला. प्रत्येक एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर द्यावा.

हेडलाइटसाठी निळसर पांढरा एलईडी नको. त्या काळच्या दिव्याचा उजेड पिवळट होता, म्हणून वॉर्म व्हाइट घ्यावा. छतावरचा पिवळा फ्लॅशर वेगळ्या फंक्शनवर ठेवावा. तो एरवी बंद असतो. गाडी अडचणीत थांबली की शेजारच्या मार्गावरील गाडीला इशारा देण्यासाठी लावतात, तेव्हा तो सतत लुकलुकत ठेवू नये. ध्वनीचा डीकोडर घेत असाल तर अल्को २५१ चा आवाज असलेलाच घ्यावा. आपल्या कानाला तो आवाज ओळखीचा आहे; दुसरा चालणार नाही.

लोंढा_लाइन

सर्वांचे मनापासून आभार. घटप्रभाकरांचा मुद्दा पटला, म्हणून मूळ बॉडी जपून ठेवतो आणि रेझिनची बॉडी छापून घेऊन तिच्यावर काम करतो. गुत्ती शेडच्या एका इंजिनाचे तिन्ही बाजूंनी घेतलेले फोटो एका निवृत्त गार्डकाकांकडे मिळाले आहेत. चौथी बाजू आरशातून पाहावी तशी उलटी धरेन.

आता रंगाचा प्रश्न आहे. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते. एअरब्रश नाही, स्प्रेचे डबे आहेत. शिवाय डिकॅल (मॉडेलवर उतरवायच्या अक्षरांच्या) कागदावर घरचा प्रिंटर पांढरी अक्षरे छापत नाही. बॉडी गडद रंगाची आहे आणि अक्षरे फिकी हवीत. काय करावे?

कणकुंबी_धुके

चौथ्या बाजूसाठी आरसा चालणार नाही. इंजिनाच्या दोन्ही बाजूंची दारे, झडपा आणि पाइप सारखे नसतात. त्याच शेडच्या, जवळच्या नंबरच्या दुसऱ्या इंजिनाचा फोटो शोधावा.

रंगाबद्दल. जून ते सप्टेंबर आपल्या पट्ट्यात लॅकरचा स्प्रे मारू नये, असे मी स्पष्टच सांगतो. द्रावक झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर दुधी झाक येते. तेवढ्यात करायचेच असेल तर दोन-तीन दिवसांची उघडीप पाहावी, दुपारी काम करावे, डबा कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावा (गॅसवर कधीही नाही) आणि बॉडी आधी दिव्याखाली कोमट करून घ्यावी. त्यापेक्षा पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिक रंगाचे पातळ हात रुंद, मऊ ब्रशने द्यावेत. पहिला हात डागाळलेला दिसेल, दिसू द्यावा. तो पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये, आणि ओल्या दिवसांत वाळायला डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या कितीतरी पट वेळ लागतो. रेझिनची बॉडी असल्याने आधी ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवावी, मग करडा प्रायमर द्यावा. प्रायमर दिल्यावरच थरांच्या रेघा खऱ्या दिसतात, तेव्हा घासाव्यात.

अक्षरांसाठी गाड्यांच्या नंबरप्लेटचे रेडियम कापणाऱ्या दुकानात जावे. त्यांच्या प्लॉटरवर तीन-चार मिलिमीटर उंचीची अक्षरे कापता येतात, आणि खऱ्या इंजिनावरचा ३०० मिलिमीटरचा अंक आपल्याकडे साडेतीन मिलिमीटरचाच होतो. पण ते रेडियम थेट चिकटवू नये. जाड असल्याने उठून दिसते. उलटा कट घ्यावा, म्हणजे अक्षराची जागा मोकळी राहील, आणि त्या जाळीतून स्पंजच्या तुकड्याने जवळजवळ कोरडा फिका रंग टिपावा. द आणि र यांना मोकळ्या जागा असल्याने ती अक्षरे सोपी जातात. म या अक्षराच्या आणि शून्य, चार, सहा, आठ, नऊ या इंग्रजी अंकांच्या पोटातले ठिपके मात्र चिमट्याने हाताने बसवावे लागतात. सांगायला विसरू नये असे एक: इंग्रजी अंकांबरोबर देवनागरी अंकही जुन्या फोटोंत दिसतात, आपल्या फोटोत असतील तर तेही कापून घ्यावेत.

अक्षरे झाल्यावर मॅट वार्निशचा एक हात द्यावा आणि मगच मळवण्याला सुरुवात करावी. अल्को इंजिन नॉच (शक्तीचा टप्पा) वाढवताना काळा धूर सोडते, कारण टर्बोला (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याला) वेग घ्यायला वेळ लागतो. म्हणून धुराड्याभोवतीचा आणि त्यामागचा छताचा भाग काजळीने काळवंडलेला हवा, बाकी छत नुसते धुळकट. खालच्या भागासाठी बाजारातली महागडी पावडर घेण्याऐवजी वाण्याकडचा गेरू आणि काळा मऊ पेस्टल खडू पॉलिशपेपरवर घासून वापरावा. गेरू मलमलीतून दोनदा गाळावा, नाहीतर खडे राहतात आणि मॉडेलवर धोंड्यांसारखे दिसतात. कॅसलरॉक ते कुळे हा १:३७ चढाचा घाट उतरताना ब्रेकची तपकिरी धूळ बोगीवर आणि आसपेटीवर बसते, आणि होस्पेटकडून मुरगावला जाणाऱ्या खनिजाची तांबूस धूळ साऱ्या मार्गावर होतीच. या दोन रंगांत फरक राखावा: बोगीवर तपकिरी जास्त, टाकीच्या खालच्या कडेला तांबूस. आणि आपल्या पावसाने धुतलेले इंजिन असल्याने हूडच्या बाजूला मळ आडवा न पसरता वरून खाली ओघळलेला हवा. ब्रश नेहमी वरून खालीच ओढावा.

अल्कोहोलमध्ये शाई मिसळून केलेले पाणी मॅट लॅकर वार्निशवर लावू नये. पांढरे डाग उमटतात.

लोंढा_लाइन

रेडियमची युक्ती तर सुचलीच नसती. फोटोतल्या इंजिनावर देवनागरी अंक आहेत.

उद्यमबागवाल्या दादांना एकच प्रश्न. मी केडी या अमेरिकन कंपनीचे कपलर ठेवणार आहे, कारण माझे वॅगन सगळे तसेच आहेत. बफर लावल्यावर वळणावर गाडी घसरणार नाही ना? माझे सर्वांत आखूड वळण १८ इंची त्रिज्येचे आहे.

उद्यमबाग_लेथ

दोन्हीकडे बफर असतील तर १८ इंची वळणावर ते नक्कीच एकमेकांना ढकलतील, आणि आतल्या बाजूचे चाक उचलले जाईल. दोन उपाय आहेत. केडीचे लांब दांड्याचे कपलर मिळतात, ते इंजिनाला लावावेत; किंवा बफरची नळी मापापेक्षा थोडी आखूड करावी. मी दुसरा उपाय सुचवेन, कारण बाजूने पाहताना कपलरची लांबी बफरच्या लांबीपेक्षा जास्त खटकते.

उंचीचेही पाहावे. केडीच्या मापानुसार कपलरचा मध्य रुळापासून ९.९ मिलिमीटरवर येतो आणि आपला बफर साडेबारावर, म्हणजे कपलर बफरच्या बराच खाली लोंबतो. अमेरिकन वॅगन ओढायचे असतील तर कपलर तिथेच राहू द्यावा, बफर खाली आणू नये. वॅगनना बफर नसतील तर ढकलाढकलीचा प्रश्नच येत नाही; तो फक्त दोन इंजिने जोडून चालवताना येईल. तेव्हा आधी एकाच टोकाला बफर बसवा, तबकडीचा दांडा गोंदाने न चिकटवता स्प्रिंगवर मोकळा ठेवा, आणि दुसरे इंजिन जोडून त्याच वळणावर सावकाश चालवून पाहा. मग दुसऱ्या टोकाचे माप मला कळवा.